तितराचं लायसन

नवेगावबांध, जि. गोंदिया

चि. बाळू,

तुझं पत्र पोचलं. मिनेसोटात ग्राउजच्या शिकारीचा परवाना काढलास, त्याआधी बंदुकीचं सुरक्षा-शिक्षण घेतलंस, दिवसाला पाचाच्या वर पक्षी मारत नाहीस, हे वाचून बरं वाटलं. पण डिसेंबरात गावी आल्यावर तितराचं लायसन निघेल का, असं विचारलंस. निघणार नाही. निघूही नये, असं माझं ठाम मत आहे.

१९७२च्या वन्यजीव कायद्यात आधी छोट्या शिकारीचा परवाना होता. १९९१च्या दुरुस्तीनं ते दार बंद झालं. आता तितर, लावा, रानकोंबडा यांच्या वाटेला जायचं नाही. फासा लावणं, अंडी फोडणं हीसुद्धा कायद्यानं शिकारच. तीन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेव्हा माळ्यावरची छऱ्याची बंदूक तिथंच राहू दे.

तरी धान कापणीला आलं की धुऱ्यावर फासे दिसतात. बांबूच्या बारीक खुंट्या, त्यांना नायलॉनचे फास, सगळे गवतात ओळीनं लपवलेले. तितर उडण्याआधी पळतो, नेमका तिथंच अडकतो. दिसले की मी उपटून टाकतो.

पण मला खरा घोर आहे तो झुडपी जंगलाचा. तितर राहतो तो तिथं, नागझिऱ्याच्या दाट रानात नाही. सरकारी कागदावर ही जमीन वर्षानुवर्षं अधांतरी होती. कुठं मुरूम खणला, कुठं अतिक्रमण झालं. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिला वनजमीन ठरवलं, तेव्हा कुठं जिवात जीव आला. पण ती राखायला पैसाही लागतो. तुमच्याकडे शिकारीच्या बंदुकांवर आणि काडतुसांवर अकरा टक्के कर आहे, १९३७च्या कायद्यानं तो पैसा वन्यजीवांच्या कामी लागतो. आपण शिकार थांबवली ते योग्यच केलं, पण झुडपं राखायला असा हक्काचा पैसा उभा केला नाही.

एक काम कर. तिकडे वसंतात ठरलेल्या रस्त्यांवर थांबून ग्राउज नराच्या पंखांचा आवाज ऐकतात आणि त्यावरून त्यांच्या संख्येचा अंदाज बांधतात. किती वाजता निघतात, किती अंतरावर थांबतात, किती मिनिटं ऐकतात, वहीत काय टिपतात, सगळं विचारून सविस्तर लिही. तितरही पहाटे ओरडतो. गावातली चार पोरं तयार आहेत, उन्हाळ्याआधी अशा मोजणीला सुरुवात करायची आहे.

तुझा,
मामा