स्वारी गवतावर

एप्रिल महिन्यात अमेरिकेतल्या कुठल्याही शेती-अवजारांच्या दुकानावरून जा, पहिल्या रांगेत हे गृहस्थ उभे दिसतील. नाक रस्त्याकडे, बॉनेट लख्ख पुसलेलं, उंच पाठीचं आसन, हाताशी पेला ठेवायची खोबण आणि पुढे दोन दिवे. रात्री गवत कोणी कापत नाही, तरी दिवे हवेतच. ओहायो-व्हर्जिनियाकडे गावाबाहेर घर घेतलेली आपली मराठी मंडळी नेमकी ह्या दिव्यांना भुलतात. पाच एकर म्हटलं की आपल्याकडे विहीर, ज्वारी आणि बांधावरचं भांडण डोळ्यांसमोर येतं. तिथे ह्या दोनशे गुंठ्यांत पिकतं फक्त गवत, आणि ते खायला गोठ्यात कोणी नसतं. त्या रिकाम्या जागेवर वर बसून गवत कापायच्या यंत्राची, म्हणजे राइडिंग मोअरची, नेमणूक होते.

स्वतःची ओळख तो हॉर्सपॉवरपासून सुरू करतो. ही फुशारकी इतकी वाढली होती, की बॉनेटवर छापलेली ताकद इंजिनात नाही म्हणून गिऱ्हाइकांनी कंपन्यांना कोर्टात खेचलं. 2010 मध्ये त्यात मोठी तडजोड झाली. पुढे बऱ्याच इंजिनांवर हॉर्सपॉवरऐवजी सीसीचा किंवा टॉर्कचा आकडा येऊ लागला, पण खोड काही गेली नाही. खरं तर घराभोवतीच्या गवताला 18 ते 25 हॉर्सपॉवर भरपूर झाली. त्याचा खरा स्वभाव पोटाखालच्या, पाती झाकणाऱ्या डेकमध्ये आणि मागच्या दोन चाकांच्या मधल्या ट्रान्समिशनमध्ये दडलेला असतो. डेक पातळ पत्रा दाबून केलाय की जाड पत्रा वेल्डिंगने जोडून, ट्रान्समिशनचं तेल बदलता येतं की ते कायमचं बंद करून टाकलंय, हे तो आपणहून कधीच सांगत नाही.

घराण्याचा विषय काढला तर मात्र खुलतो. मूळपुरुष इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायरचा, स्ट्राउड गावचा. तिथल्या कापड गिरण्यांत लोकरी कापडावरची लव छाटायचं यंत्र असे. ते पाहून एडविन बडिंग नावाच्या कारागिराला वाटलं, ह्याच तऱ्हेने हिरवळही छाटता येईल. 1830 मध्ये त्याने पेटंट घेतलं. म्हणजे हे घराणं मुळात शिंप्या-विणकरांच्या गोतातलं, शेतकऱ्यांच्या नव्हे. आज ट्रॅक्टरचा अवतार घेऊन हिंडतो खरा, पण नांगर लावा म्हटलं की साधा घरगुती मोअर लगेच तोंड फिरवतो. त्याचं ट्रान्समिशन गवतापुरतंच बेतलेलं असतं. जमीन नांगरायची, भरलेला गाडा ओढायचा तर त्याचा दणकट चुलता, गार्डन ट्रॅक्टर, वेगळा आणि किमतीलाही वेगळा.

अंगाने तो रुंद आहे आणि त्याचा त्याला अभिमान आहे. पोटाचा घेर इंचांत सांगतो: 42, 48, 54, 60. पाच एकर म्हटल्यावर दुकानदार साठाकडे बोट दाखवतो, आणि मोकळं रान असेल तर ते बरोबरही आहे. पण परसाच्या कुंपणाला 48 इंचांचं फाटक असेल, तर स्वारी बाहेरच थांबते. शिवाय पोटाच्या बाजूला गवत फेकायची पन्हळ असते, तिचे इंच ह्या आकड्यात धरलेले नसतात. सफरचंदाची दहा झाडं, झोपाळा आणि विहिरीचं तोंड ह्यांच्यामधून वाट काढायची असेल, तर रुंद पोटापेक्षा चपळ कंबर कामाला येते.

चपळ कंबर त्याच्या धाकट्या भावाकडे आहे. हा झीरो-टर्न. त्याला स्टिअरिंगचं चाक नाही, दोन दांडे आहेत. मागचं प्रत्येक चाक आपापल्या दांड्याचं ऐकतं, त्यामुळे तो उभ्या जागी गर्रकन फिरतो. मिसुरी राज्यातल्या वॉरन्सबर्गच्या मॅक्स स्विशरने 1949 मध्ये ह्या जातीचा आरंभ केला. थोरला ताशी चार-पाच मैलांनी डुलत जातो, हा आठ मैलांनी सुटतो. 42 इंची थोरल्याला पाच एकरांना चार तास लागतात. 60 इंची धाकटा दीड तासात काम उरकून अंगणात उभा. शनिवार वाचवायचा की शनिवार तिथेच घालवायचा, हा प्रश्न ज्याचा त्याने घरातली परिस्थिती पाहून सोडवावा. काही जण चार तासांच्या शांततेसाठी मुद्दाम थोरला घेतात. शांतता म्हणजे कानांवर आवाजरोधक लावून मिळते ती.

ह्या धाकट्याची एक बाजू मात्र सपाटीवर कळत नाही. त्याची पुढची चाकं नुसती शोभेला फिरतात, वळणं आणि थांबणं सगळं मागच्या दोन चाकांच्या हातात. ओल्या उतारावर ती घसरली, की हे महाशय वळणारही नाहीत आणि थांबणारही नाहीत. खाली तळं असेल तर थेट तळं. थोरला थोडा सावध, पण उताराचं भय त्यालाही आहे: पंधरा अंशांपलीकडे बहुतेक पुस्तिका दोघांनाही मनाई करतात. थोरल्याने उतारावर खालीवर जावं, आडवं जाऊ नये. आडवं जायचं काम हाताने ढकलायच्या मोअरचं. अनेक पुस्तिकांच्या शेवटी उतार मोजायला एक पान दिलेलं असतं. ते रेषेवर दुमडायचं, दूरच्या झाडाच्या खोडाशी जुळवायचं आणि उतार बघायचा. सगळ्या पुस्तिकेत उपयोगाचं पान तेवढंच, आणि गिऱ्हाईक ते विकत घेतल्यानंतर वाचतं.

स्वभाव संशयी. पातं फिरत असताना तुम्ही आसनावरून जरा उठलात, की इंजिन बंद. वाटेत पडलेला चेंडू वाकून उचलायला गेलात तरी बंद. पातं चालू ठेवून मागे जायचं म्हटलं, तर बरेच मोअर आधी किल्ली फिरवून किंवा बटण दाबून कबुली घेतात: मागे पाहिलंय ना? नव्या मालकाला हा अपमान वाटतो. पण पोरं खेळतात त्याच अंगणात हे पातं फिरणार आहे. त्याच्या सगळ्या संशयांमध्ये हा एक अगदी योग्य आहे.

सकाळी लवकर उठायची त्याला नावड. दव पडलेलं गवत डेकखाली चिकटून गोळा होतं, पन्हळ तुंबते आणि मागे हिरव्या ढेकळांच्या रांगा पडत जातात. उशीर केलेलाही चालत नाही. एका वेळी गवताच्या पात्याच्या उंचीचा तिसरा हिस्साच कापावा, हा गवताचा जुना नियम. मे महिन्यात दोन आठवडे गावाला जाऊन आलात, तर साडेतीन इंचांचं गवत गुडघ्याला लागतं आणि हे गृहस्थ प्रत्येक पट्ट्यात धापा टाकतात. पंचवीस-एक तासांनी पात्याला धार लावली नाही, तर कापायचं सोडून गवत फाडतात. मग टोकं पांढरी पडतात आणि मालक दोष पावसाला देतो.

पचनशक्ती नाजूक. अमेरिकी पंपावरच्या पेट्रोलात सहसा दहा टक्के इथेनॉल असतं. तसंच पोटात ठेवून हिवाळाभर झोपवलं, की कार्ब्युरेटरमध्ये चिकटा धरतो. झोपेत बॅटरी उतरते, आणि बॉनेटखालच्या उबेला उंदरांची वस्ती होते. एप्रिलमध्ये किल्ली फिरवली की आधी एक हुंकार, मग काहीच नाही. दुरुस्तीच्या दुकानात त्या आठवड्यात रांग असते आणि रांगेतला प्रत्येक जण सांगतो, गेल्या साली अगदी झकास चालत होता.

चिडवायचाच असेल तर मेंढ्यांचा विषय काढा. पहिल्या महायुद्धाच्या काळात, 1918 मध्ये, अध्यक्ष वुड्रो विल्सन ह्यांनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर मेंढ्या सोडल्या होत्या. त्यांनी गवत राखलं, वर लोकर दिली, आणि ती लिलावात विकून रेड क्रॉसला पैसा मिळाला. पेट्रोल पिऊन नुसता कचरा देणाऱ्याने ह्यावर काय बोलावं?

पण त्याला अगदीच घरकोंबडा समजू नका. इंग्लंडमध्ये 1973 पासून त्याच्या शर्यती लागतात. पाती काढून ठेवतात आणि बारा-बारा तास पळवतात. मोटार शर्यतींचे खुद्द स्टर्लिंग मॉस ह्या शर्यतीत उतरून जिंकून गेले आहेत. आणि 1994 मध्ये आयोवातल्या लॉरेन्स गावचे त्र्याहत्तर वर्षांचे ॲल्विन स्ट्रेट मोअरवर बसून विस्कॉन्सिनला निघाले. भाऊ आजारी होता आणि डोळे अधू झाल्याने गाडीचा परवाना नव्हता.  1966 चा एक जुना जॉन डियर घेतला, मागे सामानाचा गाडा जोडला आणि ताशी पाच मैलांच्या चालीने सुमारे 240 मैल गाठले. दिग्दर्शक डेव्हिड लिंच ह्यांनी त्यावर सिनेमा केला. त्या मोअरचं वय तेव्हा अठ्ठावीस होतं.

वय हा शब्द मी आपल्या हिशेबाने वापरला. तो स्वतः वर्षं मोजत नाही, तास मोजतो. डॅशबोर्डवर तासांचा काटा असतो आणि जुना मोअर विकणारा मालक सगळ्यात शेवटी तिकडे बोट दाखवतो. दहा वर्षांचा पण साडेतीनशे तासांचा मोअर म्हणजे संसारी, निगा राखलेला माणूस. तीन वर्षांत बाराशे तास झालेला असेल, तर तो कंत्राटदाराकडे राबून आलाय, भले रंग नवा असो.

तेव्हा भेटायला जाल तेव्हा फाटकाची रुंदी, उताराचे अंश आणि झाडांची संख्या कागदावर लिहून न्या. हॉर्सपॉवर विचारू नका, ती तो सांगणारच आहे. गुडघे टेकून डेकखाली डोकावा, ट्रान्समिशनचं तेल बदलता येतं का ते विचारा. जवळच दुरुस्ती करणारा कोणी आहे ना, ह्याचीही चौकशी करा. दुकानदार म्हणेल किंमत ठरलेली आहे, कमी होणार नाही. नसेल होत. पात्यांचा एक जादा संच मागून बघा. तेवढं बहुधा मिळतं.