दादर, साडेतीनशे ग्रॅममध्ये

आरसा नसलेला एक छोटा कॅमेरा, हिवाळ्यातली पहाट आणि फुलगल्ली ते शिवाजी पार्क अशी एक भन्नाट चक्कर!

दादरला तुम्ही रोज उतरता. वेस्टर्नवरून सेंट्रलला किंवा सेंट्रलवरून वेस्टर्नला. पूल चढायचा, धक्के खायचे, पूल उतरायचा, फास्ट पकडायची. पण खरं सांगा, दादर पाहिलंय कधी? पुलावरून नाही, खाली उतरून. तेही पहाटे साडेपाचला, कुठलीही ट्रेन पकडायची नसताना?

मला निमित्त मिळालं ते एका कॅमेऱ्याचं. सीएसएमटीजवळच्या बोरा बाजारात, कॅमेऱ्याच्या दुकानांच्या त्या गर्दीत, सेकंडहँड सोनी ए६००० घेतला. मॉडेल २०१४ चं. आजच्या हिशेबात म्हातारंच म्हणायचं. पण बॅटरी आणि कार्डासकट वजन फक्त ३४४ ग्रॅम! सोबतची १६-५० एमएमची चपटी लेन्स लावली तरी सगळं मिळून ४६० ग्रॅम. म्हणजे अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीपेक्षाही कमी. ऑफिसच्या बॅगेत डब्याच्या शेजारी तो आरामात बसतो. पहिला फंडा इथेच क्लिअर होतो: जो कॅमेरा घरी कपाटात राहतो, त्याच्यावर फोटो निघत नाहीत.

आरसा गेला, ओझं गेलं

‘मिररलेस’ म्हणजे नेमकं काय, ते दोन मिनिटांत समजून घेऊ. डीएसएलआरमध्ये लेन्सच्या मागे ४५ अंशांत एक आरसा असतो. लेन्समधून आलेला प्रकाश तो वर भिंगाकडे पाठवतो. बटण दाबलं की आरसा उचलला जातो आणि मागचा सेन्सर उघडा पडतो. तो ‘खटॅक’ आवाज मुख्यतः त्याचाच. मिररलेसमध्ये हा आरसा काढून टाकला. सेन्सरला जे दिसतं, तेच थेट स्क्रीनवर आणि डोळ्याच्या भिंगातल्या छोट्या पडद्यावर दिसतं. २००८ मध्ये पॅनासॉनिकने जी१ आणला, २००९ मध्ये ऑलिंपसचा पेन ई-पी१ आला आणि २०१० मध्ये सोनीचे नेक्स. २०१८ मध्ये निकॉन आणि कॅनन दोघेही फुल-फ्रेम मिररलेस घेऊन उतरले आणि मग वारं कुठल्या दिशेला वाहतंय हे वेगळं सांगायची गरज उरली नाही.

‘मोबाइल आहे की, मग हे कशाला?’ ऑफिसमध्ये हा प्रश्न येणारच. एक उत्तर सेन्सरच्या साइझमध्ये आहे. ए६००० चा सेन्सर २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा. ‘एक इंची’ म्हणून मिरवणाऱ्या महागड्या मोबाइलचा सेन्सर क्षेत्रफळात याच्या साधारण एक तृतीयांश भरतो. दुसरं उत्तर दादरला मिळालं.

फुलगल्ली, पहाटे साडेपाच

वेस्टला स्टेशनबाहेर पडलं की कवी केशवसुत पुलाखाली आणि सेनापती बापट मार्गाच्या आजूबाजूला फुलांचा बाजार भरलेला असतो. हिवाळ्यात सूर्य सातनंतर उगवतो, त्यामुळे साडेपाचला डोक्यावर मिट्ट काळोख आणि खाली दिव्यांचा लखलखाट. झेंडूचे ढीग, शेवंतीच्या पाट्या, निशिगंधाच्या जुड्या, मोगरा, गुलाब. डोक्यावर पोती घेतलेली माणसं ‘ए, बाजू, बाजू!’ करत अंगावर येतात. इथे पाठीवर मोठी बॅग आणि गळ्यात भलीमोठी लेन्स घेऊन उभं राहणं म्हणजे वाहतुकीचा खोळंबा. छोटा कॅमेरा असला की आपण भिंतीला चिकटून उभे राहू शकतो.

पहिली परीक्षा घेतली झेंडूने. झेंडूचा केशरी रंग डोळ्यांना जितका गोड, तितकाच सेन्सरला जड. फोटोतली लाल रंगाची माहिती सगळ्यात आधी काठोकाठ भरते आणि पाकळ्यांचे पदर गायब होऊन नुसता केशरी गोळा उरतो. उपाय सोपा आहे. एक्स्पोजर उणे ०.७ किंवा उणे १ वर आणायचं. डायल फिरवता फिरवता फोटो भिंगातच काळोखा होताना दिसतो, पाकळ्या परत सुट्या होतात आणि मग बटण दाबायचं. आरशाच्या भिंगात हा फरक फोटो काढण्याआधी दिसला नसता. मिररलेसची खरी गंमत ही आहे!

दुसरी परीक्षा दिव्यांची. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेचसे स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. आपल्या डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर फार वेगात ठेवलं तर फोटोवर आडवे काळपट पट्टे येतात. १/५० किंवा १/१०० वर ठेवलं की पट्टे गायब. हमालाचे पाय थोडे हलतात, फुलं स्थिर राहतात. बाजार चालू आहे हे फोटोतही कळतं, म्हणजे दुधात साखर.

‘दाखवीत कोन नाय’

पुलाच्या खांबाशी कसाऱ्याकडून आलेल्या एक मावशी बसल्या होत्या. समोर आंब्याचे टाळे, दुर्वांच्या जुड्या, बेल, पळसाची पानं. फुलांचे ढीग घेऊन बसलेल्या व्यापाऱ्यांच्या मानाने त्यांचं दुकान एका फडक्यावर मावणारं. मी स्क्रीन वर वळवून कॅमेरा कमरेशी धरला होता. असं धरलं की लोकांना वाटतं आपण मोबाइलसारखं काहीतरी बघतोय. इथेच या छोट्या कॅमेऱ्याचा मोह असतो. माणसाला कळायच्या आत फोटो काढून निघून जाता येतं. पण ए६००० ला सायलेंट शटर नाही. ‘टिक’ झालंच. मावशींनी वर पाहिलं.

‘काढलास फोटू?’

‘हो मावशी. चालेल ना?’

‘लय जन काढतात. नेतात. दाखवीत कोन नाय.’

मी उकिडवी बसून त्यांना स्क्रीन दाखवली. फोटो, माझ्या मते, झकास होता. चेहऱ्यावर एका बाजूने पिवळा उजेड, हातात अर्धवट बांधलेली जुडी, नजर खाली. कुठल्याही फोटो कॉम्पिटिशनला पाठवावा असा. मावशींनी तो नीट पाहिला आणि म्हणाल्या, ‘ह्यात मी दमलेली दिसते. थांब जरा.’

त्यांनी पदर सारखा केला. कपाळावरचे केस मागे सारले. पाठ ताठ केली आणि थेट कॅमेऱ्यात पाहिलं. हसल्या नाहीत. मीही काही सुचवलं नाही. एकच फोटो काढला. तो दाखवल्यावर त्यांनी मान हलवली. ‘ह्यो माजा.’

फोटोग्राफीच्या वर्कशॉपमध्ये ‘कँडिड’चे गोडवे गायले जातात. माणूस बेसावध असला की फोटो खरा, पोझ दिली की खोटा, असा एकूण सूर. पण कसाऱ्याची पहाटेची लोकल पकडून आलेल्या बाईने दमलेलं दिसू नये असं ठरवलं, तर त्यात खोटं काय? दमणं खरं होतं, तसं ताठ बसणंही खरंच होतं. त्यातलं कुठलं लोकांनी बघावं, हे ठरवण्याचा पहिला हक्क तिचा. आपण आपला डीपी निवडताना दुसरं काय करतो?

पुढच्या शनिवारी चार बाय सहाची प्रिंट घेऊन गेले. कॅमेरा बॅगेत होताच. तो रोजच असतो, त्यामुळे परत जायला वेगळा बेत आखावा लागला नाही. मावशींनी फोटो दिव्याकडे धरून पाहिला, शेजारणीला दाखवला, कमरेच्या पिशवीत नोटांच्या मागे सरकवला आणि म्हणाल्या, ‘आता आंब्याचा टाळा घे.’ घेतला. पैसे पूर्ण लावले!

तो पहिला, ‘झकास’ फोटो या पानावर नाही. तो त्यांनी नाकारलेला आहे.

काकांची लेन्स

त्याच शनिवारी बॅगेत आणखी एक पाहुणी होती. काकांच्या पेंटॅक्स के१००० ची ५० एमएम एफ/२ लेन्स. कपाटात कापराच्या वड्यांसोबत कित्येक वर्षं पडलेली. आरसा गेल्याचा हा बोनस. पेंटॅक्सच्या फिल्म कॅमेऱ्यात लेन्स बसते तिथपासून फिल्मपर्यंत ४५.४६ मिलिमीटर अंतर असतं, कारण मध्ये आरशाला जागा हवी. सोनीत हेच अंतर १८ मिलिमीटर. उरलेल्या साडेसत्तावीस मिलिमीटरमध्ये अॅडॅप्टर बसतो. अॅडॅप्टर म्हणजे काय, तर आत काच नसलेली धातूची पोकळ नळी. मेन्यूत ‘रिलीज विदाउट लेन्स’ हा पर्याय चालू करायचा, नाहीतर कॅमेऱ्याला वाटतं लेन्स लावलेलीच नाही आणि तो ढिम्म बसून राहतो.

ऑटोफोकस नाही, स्टॅबिलायझेशन नाही. फोकस हाताने. फोकस पीकिंग चालू केलं की नीट दिसणाऱ्या कडा रंगीत चमकतात, तेवढाच आधार. सेन्सर फिल्मपेक्षा लहान असल्याने ५० ची लेन्स ७५ सारखी वागते, म्हणजे चेहऱ्यांसाठी मस्त. काकांचा सल्ला एकच होता, ‘श्वास सोडताना बटण दाब.’ हार ओवणाऱ्या बोटांवर फोकस आणेपर्यंत दोन फुलं ओवून झालेली असतात. मग तिसऱ्याची वाट बघायची. वाट बघता बघता हारवाले दादा विचारतात, ‘कुठल्या पेपरात?’ आणि गप्पा सुरू होतात. मोबाइलवर एवढ्यात दहा फोटो काढून आपण स्टेशनात शिरलो असतो. ऑफिसमधल्या त्या प्रश्नाचं दुसरं उत्तर हे. कॅमेरा आपल्याला थांबवतो.

बारा फोटोंचा कट्टा

उजाडता उजाडता रानडे रोडने शिवाजी पार्क गाठायचं. १९२५ मध्ये खुलं झालेलं हे मैदान सकाळी सातला फुल असतं. वॉकवाले, नेट्सवाले, कट्टेवाले. क्रिकेट टिपायला ही छोटी लेन्स कामाची नाही, बॅट्समन मुंगीएवढा येतो. पण मैदानाबाहेर विषयांची कमी नाही. किटबॅगांची रांग, पॅड बांधून देणारे बाबा, पाच नंबर गेटजवळ डिसेंबर २०२४ मध्ये उभं राहिलेलं रमाकांत आचरेकर सरांचं स्मारक आणि त्याच्यासमोरून बॅट ओढत जाणारी पोरं.

कट्ट्यावर एक आजोबा माझ्या कॅमेऱ्याकडे बराच वेळ बघत होते. ‘एवढासा? आमचा क्लिक थ्री याच्यापेक्षा मोठा होता!’ अॅग्फाचा क्लिक थ्री आपल्याकडच्या कितीतरी घरांतला पहिला कॅमेरा. एका रोलवर फक्त बारा फोटो. ‘बारा संपले की संपले. लग्नाला जाताना मोजून काढायचो. तुझ्यात किती?’

कार्डात किती, हे सांगायची लाज वाटली. मी म्हटलं, ‘आज बाराच.’ आणि खरंच बाराच काढले. करून बघा! ए६००० सेकंदाला ११ फोटो काढू शकतो, म्हणजे आजोबांचा अख्खा रोल साधारण एका सेकंदात उडेल. पण बाराच काढायचे ठरवलं की आपण आधी चालतो, बघतो, मग ठरवतो. शिवाय बॅटरी वाचते. कंपनीच्या आकड्यानुसार एका चार्जमध्ये भिंगातून ३१० आणि स्क्रीनवरून ३६० फोटो. सेन्सर आणि पडदा सतत जागे असतात, त्याची ही किंमत.

भूक लागली की सेनाभवनासमोर आस्वाद आहेच. मिसळ खा, फोटो चाळा आणि मग पूल ओलांडून ईस्टला या. इथला दादासाहेब फाळके रोड आपण पत्ता सांगायला वापरतो, पण १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ घडला तो याच दादरमध्ये. फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून हाताने फिरवायचा विल्यमसन कॅमेरा आणला. मोठा सिनेमा करण्याआधी त्यांनी काय टिपलं, ठाऊक आहे? कुंडीतल्या वाटाण्याची वाढ. रोज त्याच कुंडीसमोर, थोडं थोडं.

कॅमेरा बदलला, तो फंडा बदलला नाही. एका जागी परत परत जायचं. त्यासाठी हलका कॅमेरा बरा, एवढंच.

विकेंडला जाताय?

- साडेपाच ते साडेसात ही वेळ बेस्ट. दसरा-दिवाळीच्या आदल्या दिवसांत गर्दी अफाट असते, पहिल्यांदा जात असाल तर साधा शनिवार निवडा.
- रेल्वेच्या हद्दीत कॅमेरा बॅगेतच ठेवा. शूटिंगसाठी परवानगीचे नियम आहेत.
- दोन बॅटऱ्या न्या. पट्टा मनगटाला बांधा, गर्दीत गळ्यातला कॅमेरा टोपल्यांना अडकतो.
- बोहनीच्या वेळी विक्रेत्याच्या आणि गिऱ्हाइकाच्या मध्ये उभं राहू नका.
- फोटो काढला की स्क्रीन दाखवा. ‘नको’ म्हटलं तर त्यांच्यासमोरच डिलीट करा.
- प्रिंट काढा. पुढच्या शनिवारी नेऊन द्या. आणि कुठला फोटो द्यायचा, ते ज्याचा आहे त्याला विचारा.