पैठण ते चकलांबा : एका दुपट्यासाठी

माणसे प्रवासाला निघतात ती बहुधा देवदर्शनासाठी, हवापालटासाठी, नाहीतर कोणाच्या घरच्या कार्यासाठी. मागे एका आश्विनात आम्ही दोघी मैत्रिणी घराबाहेर पडलो त्या मात्र केवळ कापडासाठी. माझ्या मैत्रिणीच्या लेकीला सातवा महिना लागला होता. येणाऱ्या बाळाला दुकानातले तयार, गुळगुळीत पांघरूण न घेता हाताने शिवलेले मऊ सुती दुपटे असावे, असा तिचा हट्ट होता. शहरात तसे दुपटे मिळालेच नसते असे नाही. परंतु तिच्या मनाने चकलांबा हे गाव धरले होते. बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील हे खेडे. तिचे वडील तेथे शाळामास्तर होते, तिच्या बालपणाची चार वर्षे तेथे गेली, आणि तिच्या आईने शेजारणींच्या संगतीने आपली पहिली गोधडी शिवली तीही तेथेच.

आईची दोन सुती नऊवारी लुगडी तिने पंधरा वर्षे ट्रंकेत जपून ठेवली होती. त्यांना कात्री लावण्याची तिची तयारी नव्हती. "तसल्याच पोताचे एखादे लुगडे कोठे मिळाले, तर तेच घेऊ आणि त्याचे दुपटे शिवून घेऊ. आईची तशीच राहू देत," असे ती वाटेत दोन-तीनदा म्हणाली. पोत दाखविण्यापुरती म्हणून ती लुगडी पिशवीत घेतलेली होती.

छत्रपती संभाजीनगराहून निघून आम्ही प्रथम पैठणास थांबलो. कापडाच्या शोधात निघालेल्या दोन बायकांनी पैठण टाळून पुढे जावे, हे शक्यही नव्हते. तेथील शासकीय पैठणी केंद्रात माग चालू होते. मागावर बसलेली मुलगी लहान लहान कांड्यांवर गुंडाळलेले रंगीत रेशीम उभ्या धाग्यांतून हाताने काढीत पदरावरचा मोर विणीत होती. अस्सल पैठणीच्या पदरात एका रंगाचा धागा शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवून परत फिरवितात, मागे लोंबता सोडीत नाहीत; म्हणून नक्षी उलटसुलट सारखीच दिसते. एका पैठणीस महिनेच्या महिने लागतात ते या अडकवण्याच्या कामामुळे. नारळी काठ, मुनिया, आसावली, बांगडी मोर ही नावे ऐकतानासुद्धा काहीतरी जरतारी ऐकल्याचा भास होतो.

पाहून डोळे निवले खरे; पण परत फिरताना मैत्रीण म्हणाली, "अगं, आजीची पैठणी जीर्ण झाली तेव्हा ती जाळून तिची चांदी काढली होती. घरात आठवण म्हणून एक चिंधीसुद्धा राहिली नाही." पूर्वीची जर खऱ्या चांदीची असे, त्यामुळे जुन्या पैठण्यांचा शेवट पुष्कळ घरांतून असाच झाला. वस्त्रांतले सर्वांत मोलाचे वस्त्र मोडीत निघते, आणि सर्वांत हलके जे रोजचे लुगडे ते गोधडी होऊन आणखी वीस वर्षे घरात नांदते, हा विरोध मला त्या दिवशी प्रथम जाणवला.

पैठणास गोदावरी ओलांडली. वरच्या अंगाला नाथसागराचे धरण आहे. १९७६ साली ते पूर्ण झाले, आणि त्याचा उजवा कालवा गेवराई तालुक्यातून पुढे माजलगावकडे जातो. अहिल्यानगर जिल्ह्यातील शेवगाव मागे टाकून आम्ही गेवराईच्या रस्त्याला लागलो. काळी जमीन, दोन्ही हातांना कपाशी, मधूनच जेथे पाणी पोचले आहे तेथे ऊस. पहिली बोंडे नुकतीच उमलू लागली होती.

या मुलुखाचे आणि कापडाचे नाते फार जुने आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' नामक ग्रंथात पैठणचा उल्लेख येतो, आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नगर असल्याचे सांगितले आहे. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील आजचे तेर. तेथील साधे जाडेभरडे कापड व तलम मलमल गाड्यांतून भडोचच्या बंदरास जाई व तेथून परदेशी रवाना होई. नकाशा उघडून पैठण व तेर यांच्यामध्ये रेघ ओढली, तर ती बीडच्या प्रदेशातूनच जाते. ज्या वाटेने एके काळी सुती कापड जग जिंकावयास निघाले, त्याच मुलुखात आम्ही एका सुती लुगड्याच्या शोधात हिंडत होतो.

चकलांब्यास पोचलो तेव्हा दुपार झाली होती. मैत्रिणीच्या आठवणीतले गाव आणि समोरचे गाव यांचा मेळ बसेना. मातीच्या भिंती जाऊन सिमेंटच्या आल्या होत्या; ज्या घरात ते राहत असत, ती जागा तिला ओळखता आली नाही. तिने त्याचे फारसे दुःख केले नाही. "घरे बदलायचीच. आपण दुकान पाहू," एवढेच म्हणाली.

कापडाचे दुकान पाहून मात्र माझा जीव रमला. खेड्यातले दुकान हे साऱ्या गावाच्या गरजांचे एक पुस्तकच असते. एका फळीवर धोतरे, टोप्या आणि उपरणी. दुसरीवर शाळेच्या गणवेशाचे कापड. कोपऱ्यात सोलापुरी चादरींची चवड. लग्नकार्यात आहेर करण्याच्या स्वस्त साड्यांचे गठ्ठे वेगळे, आणि घरच्या लेकीला नेसविण्याच्या साड्या काचेच्या कपाटात वेगळ्या. दुकानदार वयस्क व बोलका होता. त्याने आम्हांस बसावयास गादी दिली, पाणी दिले, आणि मैत्रिणीने पिशवीतील लुगड्याचे एक टोक बाहेर काढून दाखविताच ते चिमटीत धरून चोळून पाहिले.

"हे गिरणीचे लुगडे, ताई," तो म्हणाला. "माझ्या वडिलांच्या वेळी हे गठ्ठ्याने यायचे. आता मागणारे नाही, आणि आणणारेही नाही."

त्याने एकामागून एक साड्या उलगडल्या. रंग झगझगीत, वजन हलके, किंमत माफक. परंतु सूत एकीतही नव्हते. सगळा माल सुरतेकडचा, कृत्रिम धाग्याचा. बाहेर चारही दिशांना कापूस उमलला होता आणि गावच्या दुकानात सुती लुगडे औषधालाही मिळू नये, ही गोष्ट आम्हां दोघींनाही चमत्कारिक वाटली. तसे पाहिले तर तिची कारणे उघड आहेत. १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर अनेक गिरण्यांचे भोंगे कायमचे थांबले. १९८५ च्या वस्त्रधोरणाने कृत्रिम धाग्याला मोकळे रान दिले. शिवाय खेड्यातल्या कष्टकरी बाईने लवकर वाळणारे, लवकर न फाटणारे, इस्त्री न मागणारे आणि निम्म्या किमतीचे लुगडे घेतले, तर तिला कोणत्या तोंडाने नावे ठेवावी? सुती लुगडे ही आता शहरातल्या हौशी गिऱ्हाइकाची वस्तू झाली आहे.

दुकानदारानेच आम्हांस गोधड्या शिवणाऱ्या एका बाईंचे घर दाखविण्यास मुलगा बरोबर दिला. बाई साठीच्या असाव्यात. ओसरीवर एक गोधडी पसरलेली होती, तिच्या चार कोपऱ्यांवर दगड ठेवलेले, आणि त्या एका अंगाने शिवीत बसल्या होत्या. गोधडीची रीत अशी: तळाला एक धड लुगडे अंथरावयाचे, त्यावर जुन्या कपड्यांचे थर सुरकुती न पडू देता मांडावयाचे, वरून पुन्हा एक लुगडे घालावयाचे, ते टाचून घ्यावयाचे, आणि मग काठापासून धावदोरा घालीत, कोपरे वळवीत, बोटाच्या अंतराने आत आत मध्यापर्यंत यावयाचे. ना नकाशा, ना मोजपट्टी. बंगालची कांथा, बिहारची सुजनी, उत्तर कर्नाटकाची कौदी या सगळ्यांची जन्मकथा हीच आहे: घरातले झिजलेले कापड, आणि घरातल्या बाईचा उरलेला वेळ. गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा म्हणत, त्यातही ठिगळाविषयीची हीच आपुलकी असावी.

मैत्रिणीने आपला हेतू सांगितला: नवे सुती कापड शहरातून आणून देते, त्याचे दुपटे शिवून द्या.

बाईंनी सुई थांबविली. "नव्या कापडाची गोधडी व्हत न्हाई, ताई. शिवायचं म्हटलं तर शिवता येतंय, पण ती गोधडी न्हवं. कापड आधी माणसाच्या अंगावर झिजावं लागतं. नव्यात खळ आसती, आन् धुतल्यावर ते आटतंय. लेकराच्या अंगाला टोचतंय."

मग आपल्यापुढच्या गोधडीकडे बोट करून त्या म्हणाल्या, "आता ह्ये बघा. समद्या नायलानच्या साड्या. फाटत न्हाईत, पर ऊबबी धरत न्हाईत. आतली घडी सरकून गोळा व्हती. चुलीची ठिणगी पडली तर भोक पडून अंगाला चिकटतंय. पर करता काय? जुनं सूत आता कुणाच्या घरात ऱ्हायलंय?"

ही गोधडी कोणासाठी, असे मी विचारले. त्यांचा मुलगा व सून दरवर्षीप्रमाणे ऊसतोडीला निघणार होती. दसरा झाला की मुकादमाची गाडी यावयाची. बीड जिल्ह्यातून अशी लक्षावधी माणसे दिवाळीच्या आगेमागे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात साखर कारखान्यांच्या फडांवर जातात. नवराबायकोच्या जोडीला तेथे 'एक कोयता' म्हणतात, आणि उचल घेतलेली असते ती त्या कोयत्याच्या नावावर. उघड्या रानात, पाचटाच्या कोपीत, ऐन थंडीचे महिने काढावयाचे. बरोबर सात महिन्यांचा नातू जाणार होता. म्हणजे ज्याला आम्ही हौस म्हणून हिंडत होतो, ती त्या घरात हंगामाची तयारी होती.

थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग मैत्रिणीने पिशवीतून आईचे लुगडे काढले आणि ओसरीवर उलगडू लागली. आणि ते उलगडताना आमच्या लक्षात आले, की घडी जेथे जेथे मोडली होती तेथे तेथे ते विरले होते. पंधरा वर्षे एकाच घडीवर राहिलेले कापड त्याच रेषेवर फाटले होते. दुसऱ्याची तीच गत. अंगावर असते तर कदाचित एवढे फाटले नसते. मैत्रीण त्या उभ्या-आडव्या चिरांकडे पाहत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आले ते मी पाहिले, आणि न पाहिल्यासारखे केले.

बाईंनी मात्र हात फिरवून कापड पारखले. "मधलं समदं धड हाय. लई गुणाचं सूत. वायलं पेटीत ऱ्हायलं."

मैत्रिणीने विचारले, "याचे दुपटे होईल?"

"दुपटं व्हईल, एक कुंची व्हईल, आन् उरंल बी." त्या क्षणभर थांबल्या. "उरलं तर मला ऱ्हाऊ द्याल का? नातवाच्या गोधडीत आतून घालीन. शिलाई कमी घेते."

हा प्रश्न मैत्रिणीला अनपेक्षित होता. आईचे वस्त्र स्वतःच्या नातवंडासाठी कापावे येथपर्यंत ती नुकतीच कशीबशी आली होती. ते दुसऱ्याच्या घरी ठेवून जावे, हा विचार तिला शिवलेला नव्हता. ती गप्प राहिली. मीही काही बोलले नाही, कारण ज्या गोष्टीत आपले काही जात नाही तेथे उदार सल्ला देणे सोपे असते. अखेर तिने एक लुगडे बाईंच्या मांडीवर ठेवले, आणि मग दुसरेही त्यावर ठेवले. "दुपट्याला आणि कुंचीला एक पुरे होईल ना? मग दुसरे सगळे तुमच्या नातवाला घाला. शिलाई मात्र पुरती घ्यायची," ती म्हणाली.

बाईंनी लुगड्याचा काठ कपाळाला लावला आणि विचारले, "आईचं हाय न्हवं?" त्यांना कोणी सांगितले नव्हते.

परतीच्या वाटेवर आम्ही फारसे बोललो नाही. कपाशीची शेते मागे जात होती. एकदाच मैत्रीण म्हणाली, "मी जपत होते, असे मला वाटत होते."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गेवराईकडून येणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थाबरोबर पुडके आले. आत दुपटे होते, कुंची होती, आणि विटक्या जांभळ्या लुगड्याचा काठ दुपट्याच्या चारी बाजूंनी नेमका फिरविलेला होता. पौषात बाळ झाले. पहिल्या रात्री त्याला त्याच दुपट्यात गुंडाळले, तेव्हा त्याच्या आजीने ते नाकाशी धरून पाहिले. ट्रंकेतल्या डांबराच्या गोळ्यांचा वास पार गेला होता. दुसऱ्या लुगड्याची गोधडी त्या वेळी कोणत्या कारखान्याच्या फडावर होती, ते आम्हांस कळावयास मार्ग नव्हता. थंडी मात्र त्या वर्षी चांगलीच पडली होती.