अण्णांची आगगाडी

वैशाख सरत आला की आमच्या किनाऱ्यावर साऱ्यांचीच धांदल उडते. घरे शाकारली जातात, लाकूडफाटा पडवीत रचला जातो, आमसुले आणि पापड डब्यांत भरले जातात. 1 जूनपासून मासेमारीला बंदी असते. त्या सुमारास कोळी बांधव आपल्या होड्या भरतीच्या रेषेपलीकडे ओढून आणतात आणि झाकून ठेवतात. या खटाटोपाला आमच्याकडे ‘आगोटीची तयारी’ म्हणतात. आमच्या घरी मात्र या तयारीत आणखी एका कामाची भर पडते आणि ते ऐकून पाहुण्यांना हसू येते. आम्हांला एक आगगाडी पावसाळ्यासाठी सज्ज करावयाची असते!

अलिबागच्या दक्षिणेस, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आमची नारळी-पोफळीची वाडी आहे. माझे थोरले बंधू अण्णा मुंबईस रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. 1998 साली ते निवृत्त होऊन गावी आले. परंतु रेल्वे काही त्यांच्या मनातून निवृत्त झाली नाही. पुढील दोन वर्षांत त्यांनी वाडीतील झाडांमधून चाळीस मीटर लांबीचा एक चिमुकला लोहमार्ग उभा केला. त्यावर छोटे पूल बांधले, एक बोगदा केला आणि कौलारू स्थानकही उभारले.

नमुना होता आमच्याच जिल्ह्यातील नेरळ-माथेरान रेल्वेचा. अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी 1904 साली या मार्गाचे काम हाती घेतले आणि 1907 साली गाडी माथेरानला पोहोचली. तिच्या दोन रुळांमधील अंतर अवघे दोन फूट, म्हणजे 610 मिलिमीटर आहे. अण्णांच्या रुळांमधील अंतर 45 मिलिमीटर. तुम्ही भागाकार करून पाहा: अण्णांची गाडी मूळ गाडीहून सुमारे साडेतेरा पटींनी लहान आहे. याच प्रमाणात एकवीस किलोमीटरचा सबंध मार्ग मांडावयाचा, तर दीड किलोमीटर लांबीची वाडी लागेल. तेव्हा अण्णांनी घाटातील एका नागमोडी वळणावरच समाधान मानले.

माथेरानची मोठी गाडीदेखील पावसाळ्यात नेरळपासून वर जात नाही. डोंगरउतारावरून पाण्याचे लोट येतात, दरडी सुटतात आणि रुळांखालची माती वाहून जाते. 2005 सालच्या 26 जुलैच्या अतिवृष्टीने हा मार्ग असा उद्ध्वस्त झाला, की गाडी पुन्हा सुरू होण्यास 2007 साल उजाडले. 2019 सालच्या पावसानेही त्याची मोठी हानी केली. त्यानंतर नेरळहून माथेरानला गाडी गेली ती ऑक्टोबर 2022 मध्ये. “गाडी चालवणे हे जसे रेल्वेचे काम, तसे ती वेळेवर थांबवणे हेही रेल्वेचेच काम,” असे अण्णा नेहमी म्हणत.

अण्णांच्या तयारीला एक क्रम होता. पहिले काम पाण्याचे. लोहमार्गाच्या वरच्या अंगाला ते वीतभर खोल चर खणत. वाडीच्या उतारावरून येणारे पाणी रुळांपर्यंत पोहोचण्यापूर्वीच त्या चरात शिरे आणि बाजूने वाहून जाई. दुसरे काम खडीचे. वर्षभरात खडीत माती आणि पालापाचोळा साचतो; मग पाण्याचा निचरा होत नाही. अण्णा ती सारी खडी उकरून चाळत, धूत आणि पुन्हा पसरत. एकदा मी त्यांना विचारले, “समुद्रकाठचे गुळगुळीत गोटे का वापरत नाही? दिसतातही किती सुंदर!” अण्णांनी दोन गोटे माझ्या तळहातावर ठेवले, ते तत्काळ घरंगळले. मग फोडलेल्या दगडाची मूठभर खडी दिली. ती एकमेकींत अडकून बसली. “कोन असलेले दगड एकमेकांना धरून ठेवतात आणि त्यांच्या फटींतून पाणीही निघून जाते,” ते म्हणाले. माझ्या सबंध शिक्षकी आयुष्यात इतक्या थोड्या वेळात इतका पक्का धडा मला क्वचितच देता आला असेल.

तिसरे काम रुळांचे. ते पितळेचे आहेत आणि इंजिनाला वीज त्यांतूनच मिळते. खाऱ्या हवेने पितळेवर हिरवट थर चढतो आणि वीज अडखळते; म्हणून रूळ घासूनपुसून त्यांवर तेलाचा पातळ हात फिरवावा लागतो. सांध्यांमधील बारीक फटीही साफ कराव्या लागतात. एक मीटर लांबीचा पितळी रूळ तीस अंशांनी तापला, की अर्ध्या मिलिमीटरहून थोडा अधिक वाढतो. फट मातीने भरली, तर वाढावयास जागा उरत नाही आणि रूळ वाकतो. शेवटी इंजिन, डबे, स्थानक आणि वीज पुरवणारे यंत्र कोरड्या फडक्यांत गुंडाळून माळ्यावरील पत्र्याच्या पेटीत ठेवले, की वर्षाचे काम संपले.

बागेतील अशा आगगाड्यांचा छंद युरोपातही पुष्कळ आहे. न्यूरेंबर्ग येथील एका कारखान्याने 1968 साली बागेत चालणाऱ्या 45 मिलिमीटर रुळांच्या गाड्या बाजारात आणल्या, तेव्हापासून हे माप जगभर रूढ झाले. तेथील छांदिष्टांचा शत्रू म्हणजे बर्फ. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते. रुळांखालच्या ओल्या मातीत ते गोठले, तर जमीनच वर उचलली जाते. म्हणून हिवाळा येण्यापूर्वी तेही चर मोकळे करतात, खडी धुतात आणि नाजूक वस्तू घरात नेतात. आमचा पाऊस आणि त्यांचा बर्फ यांत केवढे अंतर! परंतु दोघांनाही आधी पाण्याला वाट करून द्यावी लागते.

3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ आमच्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर येऊन आदळले. आमच्या वाडीतील अकरा पोफळी आणि तीन माड आडवे झाले. त्यांपैकी एक माड बोगद्यावरच कोसळला आणि त्याखाली दोन रूळ चेपले गेले. अण्णांची तयारी मात्र 31 मे रोजीच पुरी झाली होती. पेटीतील इंजिनाला ओरखडाही उठला नव्हता. अण्णा पडलेल्या माडाकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “माड उचलून घरात ठेवता येत नाही. जे ठेवता येते, तेवढे तरी वेळेवर ठेवावे.”

गेल्या माघात अण्णा गेले. वैशाखात त्यांचा मुलगा मुंबईहून आला. तो म्हणाला, “काका, आता हे रूळ काढून टाकू. तिथे पोफळीची रोपे लावू. तुम्हांला या वयात हे कसे झेपणार?” त्याचे म्हणणे चुकीचे नव्हते. वादळात गेलेल्या झाडांच्या जागा अजून रिकाम्या आहेत आणि वाडीवरच घर चालते. मला चटकन उत्तर सुचले नाही.

त्याची बारा वर्षांची मुलगी जवळच उभी होती. ती आत गेली आणि अण्णांची वही घेऊन आली. तीत प्रत्येक वर्षाच्या तयारीची नोंद होती: चर केव्हा खणला, किती घमेली खडी धुतली, पेटी केव्हा बंद केली. गेल्या वर्षीच्या नोंदीत अण्णांचे अक्षर थरथरलेले होते; परंतु एकही रकाना रिकामा नव्हता. ती म्हणाली, “आजोबा, ही ओळ आपण भरायची ना?” तिच्या वडिलांनी वही हातात घेतली, पाने उलटली आणि काही न बोलता ती परत दिली. दुपारी ते कुदळ घेऊन वाडीत गेले. पोफळीची रोपे त्यांनी लावली, पण वादळाने मोकळ्या झालेल्या खळग्यांत.

पुढचे आठ दिवस मी आणि ती मुलगी मिळून काम केले. खडी मी चाळावी आणि तिने धुवावी. रूळ तिने पुसावे आणि मी तेल लावावे. पेटीचे झाकण लागले, तेव्हा तिने वहीत तारीख लिहिली आणि खाली आम्हां दोघांची नावे घातली.

मृगाचा पहिला पाऊस रात्री कोसळला. सकाळी कंदिलाएवढाही उजेड नव्हता, तोच मुंबईहून फोन आला. पुतण्याने प्रकृतीची चौकशी नंतर केली, आधी विचारले, “काका, चरातून पाणी नीट वाहते आहे ना?” मी पडवीच्या कठड्यापाशी गेलो. गढूळ पाणी उतारावरून धावत येत होते, चरापाशी वळत होते आणि रुळांना न शिवता माडांच्या आळ्यांकडे जात होते. मी त्याला तसे सांगितले. दसऱ्याला तो मुलीला घेऊन येणार आहे. पेटी तोच उघडणार आहे.