पत्रिकेवरची वेळ बदल

चि. बाळ यास,


तुमच्या कॉलनीच्या महाराष्ट्र दिनाची पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर आली. छपाई झकास आहे. पण साडेनऊला ध्वजारोहण, मग सत्कार, मुलांची लेझीम, तीन मान्यवरांची भाषणं आणि बाराला आभार? चंद्रपुरात, मे महिन्यात? वाचूनच मला घाम फुटला.

मावशी नर्स होती, तिला जिथे तिथे पेशंट दिसतात, असं म्हणशील. दिसतात खरे. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात पुरस्काराचा सरकारी सोहळा झाला. पारा ३८ च्या आसपास होता. आपण चंद्रपूरकर त्याला ‘आज जरा बरं आहे’ म्हणतो! पण समुद्राकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही, अंगातली उष्णता अंगातच राहते. त्यात लाखो माणसं उघड्यावर बसलेली. १४ जण दगावले. श्रद्धेनं आलेला माणूस चक्कर येईपर्यंत जागचा हलत नाही, आणि झेंड्यासमोर सावधानमध्ये उभं केलेलं पोरही ‘सर, गरगरतंय’ म्हणत नाही. म्हणून त्यांना वेळेत मोकळं करणं हे तुझं काम.

तुझी आईही पहिल्या रांगेत बसणार, मुलगा आयोजक म्हटल्यावर. बीपीसाठी ती लघवीची गोळी घेते, तिच्या अंगातलं पाणी आधीच कमी होतं. उन्हाळ्यात डोस तसाच ठेवायचा का, हे तिच्या डॉक्टरांना विचारून घे. गोळी मनानं बंद करू नका.

कोणी असंबद्ध बोलायला लागलं, चालताना झोक जायला लागला आणि अंग तापलेलं असलं, तर उष्माघातच समज. घाम येतोय म्हणून बेसावध राहू नकोस. १०८ ला फोन लाव, सावलीत घे, कपडे सैल कर, अंगावर पाणी ओतत राहा आणि जोरात वारा घाल. मान, काखा, जांघा इथे बर्फ लाव. शुद्ध हरपली असेल तर तोंडात थेंबही घालायचा नाही. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही. खिशातला कांदा आजीच्या समाधानासाठी असू दे, पण डोक्याला दुपट्टा हवाच.

आता मंडपाचं. १ मे १९६० ला राज्य झालं, ते फुकट मिळालं नाही. २१ नोव्हेंबर १९५५ ला मुंबईत फ्लोरा फाउंटनपाशी गोळ्या झाडल्या गेल्या. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभरावर माणसं गेली, त्यांत गिरणी कामगारही होते. शिवाय हा दिवस कामगारांचाच. मग त्यांना मानवंदना द्यायचा मंडप आदल्या दिवशी भर दुपारी तीनला बांबूवर चढवलेल्या पोरांकडून बांधून घ्यायचा, हे मला पटत नाही. सकाळी दहाच्या आत काम उरकू दे, उरलेलं ऊन उतरल्यावर. त्यांच्यासाठीही थंड पाण्याची कॅन मागव. मांडवात कूलर लावणार असाल तर पाणी भरताना स्विच बंद करून प्लग काढायला सांग. ओल्या हातानं कूलरला शिवून दर उन्हाळ्यात कुणीतरी जातंच.

आपल्या नागपूरच्या राजा बढ्यांचं गाणं २०२३ मध्ये राज्यगीत झालं. ते दोन मिनिटांच्या आत होतं. मान्यवरांना तेवढं तरी माप दाखव! सातला झेंडा, साडेसातला लेझीम, आठला सगळे घरी. सत्कार संध्याकाळी गच्चीवर करा. शाल पांघरायला तीच वेळ बरी. आणि लेझीम संपल्यावर पोरं घामाघूम अवस्थेत इरईत डुंबायला पळतील, त्यांच्यावर दोघातिघांना नजर ठेवायला सांग. वाळू उपसल्यानं पडलेले खड्डे वरून दिसत नाहीत.

नवी पत्रिका आजच फिरव. पन्हं करायला मी आदल्या रात्री येते. कैऱ्या तेवढ्या उकडून ठेव, आणि गूळ किलोभर जास्तच आण, मंडपवाल्यांनाही द्यायचं आहे.

तुझी,
मावशी