तबकडीवर कोरलेला आकडा

बडोद्यात लहरीपुऱ्याच्या दरवाज्यापासून न्यायमंदिर ओलांडून पुढे गेलं की थोड्याच अंतरावर, सूरसागर तलावासमोर, संगीताचं विद्यालय लागतं. मौलाबक्षांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ साली जी गायनशाळा काढली तिचाच हा वारसा; आज तो विद्यापीठाच्या एका शाखेच्या नावाने चालतो. एवढ्याशा टापूत किती गळे वावरले याचा हिशेब मांडायला बसलं की छाती दडपते. मौलाबक्ष स्वतः, त्यांचे नातू इनायतखान, १८९०च्या दशकात दरबारात असलेले अब्दुल करीमखाँ, आणि पुढे १९५० साली याच शहरात देह ठेवलेले फैयाझखाँ. यांतल्या शेवटच्या तिघांचा आवाज तबकड्यांवर उतरला. या तबकड्या आणि त्यांची नंतर निघालेली कॅसेट, सीडी, ऑनलाइन रूपं मी बरीच वर्षं ऐकत आलो आहे, आणि त्यांच्या शेजारी अमेरिकेतल्या जुन्या ब्लूजची नव्याने काढलेली प्रकाशनंही. दोन्ही एकापाठोपाठ ऐकताना एक फरक इतका टोचतो की त्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. त्यांनी जुनी तबकडी दस्तऐवज म्हणून संपादित केली, आपण ती आठवण म्हणून विकली. म्हणून बडोद्याचं संगीत आपल्याजवळ असूनही ते आपल्याला अर्धंच ऐकू येतं.

ब्लूजची गोष्ट थोडक्यात अशी. रॉबर्ट जॉन्सन हा मिसिसिपीचा गायक १९३८ साली सत्ताविसाव्या वर्षी वारला. त्याच्या मागे उरली ती १९३६-३७मध्ये टेक्सासात दोन खेपांत मुद्रित झालेली २९ गाणी. हयातीत त्याला फारसं कोणी ओळखत नव्हतं. १९६१ साली कोलंबिया कंपनीने त्यातली सोळा गाणी एका एलपीवर काढली आणि तिथून पुढच्या पिढीचे गिटारवादक घडले. १९९०च्या संचात तर एकाच गाण्याचे दोन-दोन प्रयत्न शेजारी ठेवले, म्हणजे गायकाने दुसऱ्या खेपेला काय बदललं ते ऐकणाऱ्याला स्वतः ताडता यावं. त्याआधी १९५२ साली हॅरी स्मिथ नावाच्या संग्राहकाने ८४ जुन्या ध्वनिमुद्रणांचा संच काढला, त्यासोबत प्रत्येक गाण्याचा तपशील देणारी पुस्तिका जोडली आणि गायक गोरा की काळा याचा त्यात मुद्दाम उल्लेख केला नाही. मिसिसिपी जॉन हर्टचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. त्याने १९२८ साली काही गाणी मुद्रित केली आणि पुन्हा तो शेतावर राबायला गेला. त्यातल्या एका गाण्यात त्याने आपल्या गावाचं, अॅव्हलॉनचं, नाव घेतलं होतं. १९६३ साली एक तरुण चाहता तेवढ्या एका शब्दाचा माग काढत त्या गावी पोचला, तर हर्ट तिथेच होता. पस्तीस वर्षांनी त्याचं गाणं पुन्हा सुरू झालं. गाण्यातलं एक नाव कोणी लक्ष देऊन ऐकलं, म्हणून हे घडलं.

आपल्याकडे असं नाव गाण्यात सापडत नाही, ते लेबलावर सापडतं. हिराबाई बडोदेकर. अब्दुल करीमखाँ बडोद्यात असताना ताराबाई माने त्यांच्याकडे शिकल्या, दोघं बडोदं सोडून निघाले आणि संसार मिरज-मुंबईकडे झाला. त्यांच्या कन्या हिराबाई यांचा जन्म १९०५ साली मिरजेचा, तरी आडनावात राहिलं बडोदं. हिराबाईंच्या तबकड्या महाराष्ट्राच्या घराघरांत वाजल्या, पण ते आडनाव या सुरांच्या वाटेवरचा मैलाचा दगड आहे हे त्यांच्या किती पुनर्प्रकाशनांवर लिहिलेलं असतं? बहुतेक ठिकाणी रागाचं नाव, तालाचं नाव आणि एक जुना फोटो, एवढ्यावर काम भागवलेलं दिसतं. तबकडी कोणत्या साली निघाली, कोणत्या कंपनीची, साथीला कोण, हे विचारायला गेलं तर पाटी कोरी.

याच्या उलट जिथे काम नीट झालं तिथे काय मिळतं, याचंही उदाहरण बडोद्याचंच आहे. इनायतखान हे आज जगभर सूफी उपदेशक म्हणून ओळखले जातात. १९१० साली ते भारत सोडून अमेरिकेला गेले, पुढे युरोपात राहिले, आणि १९२७ साली दिल्लीत वारले. पण निघण्याच्या आदल्या वर्षी, १९०९ साली, ग्रामोफोन कंपनीने कलकत्त्यात त्यांची ३१ गाणी मुद्रित केली होती. ती सगळी १९९४ साली दोन सीडींच्या संचात एकत्र आली. यांतलं एखादं गाणं सुटं ऐकलं तर ऐकणारा त्यात पुढचा सूफी संत शोधू लागतो आणि सापडलाच तर कौतुक करून पुढे जातो. पण एकतीसच्या एकतीस ओळीने ऐकली की चित्र पालटतं. समोर उभा राहतो तो गायनशाळेत तयार झालेला, सत्तावीस वर्षांचा, गळ्यावर हुकमत असलेला धंदेवाईक गवई, जो दोन-तीन मिनिटांत चीज मांडून, फिरवून, समेवर आणून सोडू शकतो. मौलाबक्षांच्या शाळेत काय शिकवलं जात होतं, याचा यापेक्षा थेट पुरावा माझ्या माहितीत नाही. निवडक सहा गाण्यांनी हे सांगितलं नसतं. संचाचं पूर्ण असणं हाच इथे पुरावा आहे.

आता खुद्द तबकडीकडे वळतो, कारण माझ्या म्हणण्याची खरी परीक्षा तिथेच आहे. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची तबकडी म्हणतात खरं, पण सुरुवातीच्या काळात हा आकडा पक्का नव्हता. समजा एखादी तबकडी मिनिटाला ७४ फेऱ्यांनी कोरली आणि आज ती ७८ने वाजवली. तीन मिनिटं वीस सेकंदांचं गाणं तीन मिनिटं दहा सेकंदांत संपतं, एवढंच वरवर दिसतं. पण सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने वर चढतो. काळी एकमधला षड्ज पांढरी दोनच्या आसपास जातो, तान प्रत्यक्षात होती त्यापेक्षा चपळ वाटते, आवाज कोवळा आणि टोकदार होतो. मग आपण म्हणतो की जुने लोक किती उंच पट्टीत गायचे, किती दाणेदार तान घ्यायचे! अब्दुल करीमखाँच्या १९०५च्या सुमाराच्या आणि १९३०च्या दशकातल्या तबकड्यांवरून त्यांच्या आवाजाबद्दल काही ठरवायचं तर आधी गती ठरवावी लागेल. ती ठरवण्याच्या खुणा तबकडीतच असतात. साथीला हार्मोनियम असेल तर तिचे सूर बांधलेले असतात. ते पट्टीच्या अधेमधे लागू लागले तर गतीवर संशय घ्यावा. सुरुवातीच्या तबकड्यांत गाणं संपल्यावर गायक-गायिका आपलं नाव पुकारत. गौहरजानची ती इंग्रजीतली पुकार प्रसिद्धच आहे. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात, तिथल्या कारागिरांना कोण गातंय ते कळावं म्हणून ही सोय. बोलण्याचा आवाज गाण्यापेक्षा लवकर फसवणूक उघडी पाडतो. गती चुकली की बोलणारं माणूस लगेच खोटं वाटतं. आणि कित्येक पुनर्प्रकाशनांत नेमकी हीच पुकार कापलेली असते, गाण्याचा भाग नाही म्हणून.

खरखरीचंही तसंच. तबकडीत लाख असते खरी, पण तिच्याबरोबर दगडाची भुकटीही बरीच असते. सुई घासून तिला आकार यावा म्हणून ती भुकटी घालत, आणि खरखर मुख्यतः तिचीच. (जाता जाता: ही लाख बहुतेक आपल्याकडून, छोटा नागपूरच्या बाजूच्या पळस-कुसुमाच्या झाडांवरून जाई. मिसिसिपीच्या गवयांच्या तबकड्यांत आपल्या झाडांवरची लाख आहे. १९४२ साली महायुद्धामुळे तिचा पुरवठा आटला तेव्हा अमेरिकेत जुन्या तबकड्या गोळा करून वितळवल्या गेल्या, आणि त्यांत किती ब्लूज गेले कोण जाणे.) ही खरखर संगणकाने पुसता येते, पण पुसणाऱ्या यंत्रणेला खरखर आणि व्यंजन यांतला फरक कळेलच असं नाही. फैयाझखाँचा नोमतोम ऐका. त्या आलापीचा जीव ‘त’, ‘र’, ‘न’ यांच्या आघातांत आहे. तो ‘त’ म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्याचं एक टोक, आणि तबकडीवरचा ओरखडाही तसंच एक टोक. यंत्राने दोन्ही कापले की उरतो तो गुळगुळीत, गोल, झोपाळू आलाप, ज्यात फैयाझखाँच्या आग्रा घराण्याची धारच नाही. मला ओरखड्यांसकटचा ‘त’ हवा आहे. निदान दोन्ही रूपं द्यावीत, आणि काय काढलं ते लिहावं.

यावर आक्षेप येतात, आणि ते पोकळ नाहीत. पहिला असा की तीन मिनिटांत ख्याल कसला? फैयाझखाँ मैफलीत तास-तास गात, तबकडी ही त्यांची पावती फक्त. हे अर्धं खरं आहे. ब्लूजचे गवईही नाचाच्या रात्री एकेक गाणं लांबवत असत आणि मुद्रणाच्या खोलीत तीन मिनिटांत आवरत. पण या मर्यादेतून एक वेगळी रचना जन्माला आली. काय टाकायचं, काय ठेवायचं, हे गवयाने स्वतः ठरवलेलं आहे, आणि गवयाने काय निवडलं हे मैफलीइतकंच सांगून जातं. फैयाझखाँची आकाशवाणीवरची लांब ध्वनिमुद्रणंही आपल्याकडे आहेत. तोच राग हिंदुस्थान रेकॉर्डच्या तबकडीवर आणि रेडिओवर, दोन्ही शेजारी ठेवून काढला तर ऐकणारा शिकेल. वेगवेगळे विकले तर दोन्ही लंगडे.

दुसरा आक्षेप, की आता सगळं यूट्यूबवर फुकट आहे, पुनर्प्रकाशन हवं कशाला? संग्राहकांनी खपून ही गाणी वर चढवली, त्यांचे उपकारच मानतो. कायद्याचीही आडकाठी नाही. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो, म्हणजे या जुन्या तबकड्या केव्हाच मोकळ्या झाल्या. पण मोकळं असणं आणि समजणं वेगळं. तिथे एकच गाणं तीन गतींत, दोन रागांच्या नावाने सापडतं, आणि खरं कोणतं हे सांगणारा कोणी नसतो. मुंबईत १९९०पासून तबकडी-संग्राहकांच्या संस्थेने, सुरेश चांदवणकरांसारख्यांनी, हे तपशील जपण्याचं काम नेटाने चालवलं, त्यामुळेच हा विषय आपल्याकडे जिवंत आहे. ते काम एकट्या हौशी लोकांच्या खांद्यावर राहावं, हे मला मान्य नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. ब्लूज हे गुलामगिरीतून वर आलेल्या शेतमजुरांचं गाणं. बडोद्याचं संगीत राजाश्रयाचं. मूळ गाणं शोधायचं तर दरबारात कशाला? माणभट्टाकडे जा. तांब्याच्या माणेवर, म्हणजे घागरीवर, बोटांतल्या अंगठ्यांनी ताल धरून आख्यान सांगणारी ती परंपरा प्रेमानंदापासून, सतराव्या शतकापासून, याच शहरात आहे. हे मला पटतं, आणि म्हणूनच खंत वाढते. रात्र-रात्र चालणारं आख्यान तीन मिनिटांच्या तबकडीत बसत नव्हतं, म्हणून कंपन्यांच्या यादीत ते आलं नाही, आणि जे मुद्रित झालं नाही ते पुन्हा प्रकाशितही होत नाही. पण मी इथे संगीताची तुलना करत नाही, त्याच्यामागच्या कष्टांची करतो. अमेरिकेत हॅरी स्मिथला राजाश्रय नव्हता, मोठी संस्था नव्हती. त्याच्याकडे तबकड्या होत्या आणि प्रत्येकीचा तपशील लिहिण्याचा हट्ट होता. हा हट्ट आपल्याला परका नाही. मौलाबक्षांनी चीज कागदावर उतरवण्यासाठी स्वतःची लेखनपद्धती बसवली, मुलांना पुस्तकावरून गाणं शिकवलं. १९१६ साली भातखंड्यांची पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तीही बडोद्यातच. गाणं लिहून ठेवण्याची सवय या शहराला फार आधी लागली होती. तबकडीच्या बाबतीत ती सुटली.

त्यामुळे बडोद्याच्या तबकड्यांचं संपादन बडोद्यात व्हावं, सूरसागरासमोरच्या त्याच विद्यालयाच्या छायेत व्हावं, असं माझं स्पष्ट मत आहे. इनायतखानांची ३१ गाणी जशी एकत्र आली तशी दरबाराशी बांधलेल्या प्रत्येक गळ्याची यावीत: गतीसकट, पुकारीसकट, साथीदारांच्या नावांसकट. ते होईल तेव्हा होईल. तोवर रावपुऱ्यात, दांडिया बाजारात, घडियाळी पोळीत ज्यांच्या माळ्यावर आजी-आजोबांच्या तबकड्या आहेत त्यांना एवढीच विनंती. रद्दीवाल्याला देण्याआधी, किंवा भिंतीवर शोभेला टांगण्याआधी, तबकडी उजेडात तिरकी धरा. लेबलाभोवती जो गुळगुळीत पट्टा असतो त्यात त्या मुद्रणाची ओळख सांगणारा बारीक आकडा कोरलेला दिसेल. तो, आणि लेबलावर जे जे छापलंय ते, एका वहीत उतरवून ठेवा.