लिहून ठेवतो!

‘लिहून ठेवतो’ या दोन शब्दांवर मी नोकरीची २८ वर्षे काढली आहेत. साहेबांनी काम सांगितले की ‘लिहून ठेवतो’. टेलिफोनवर कोणी निरोप दिला की ‘लिहून ठेवतो’. सकाळी निघताना हिने स्वयंपाकघरातून हरभऱ्याची डाळ संपल्याची वर्दी दिली की तेव्हाही ‘लिहून ठेवतो’! आणि हे मी कधी खोटे बोललो नाही. मी खरोखरच लिहून ठेवीत असे. प्रश्न एवढाच उरे, की कुठे?

कधी रेल्वेच्या पासाच्या पाठीवर, कधी आलेल्या पाकिटावर, कधी भिंतीवरच्या कॅलेंडरात एकादशीच्या चौकोनात, तर कधी रद्द झालेल्या व्हाउचरवर. जवळ काहीच नसले तर तळहात होताच. तळहातावरचे टिपण जेवणाच्या सुट्टीत साबणाबरोबर वाहून जाई. घरच्या मंडळींची ही थट्टेची कायमची सोय झाली होती आणि त्या थट्टेत मीही उत्साहाने भाग घेत असे. विसराळू माणसाला लोक सहज क्षमा करतात. विसराळूपणात विद्वत्तेचा काही अंश असतो, असा एक समज आहे. त्या समजाचा मी पुष्कळ फायदा घेतला.

२०१४ च्या पावसाळ्यात ही थट्टा संपली.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ बसत. माझ्याहून चार वर्षांनी मोठे, अबोल, कामाला चोख. त्या दिवशी दुपारी बाराच्या सुमारास ते जागेवर नव्हते आणि त्यांचा मोबाईल खणात बंद पडलेला होता. म्हणून त्यांच्या बहिणीने कचेरीच्या टेलिफोनवर फोन केला. तो मी घेतला. आईला कल्याणच्या दवाखान्यात हलविले आहे, दादाला ताबडतोब पाठवा, असा निरोप होता. मी म्हणालो, ‘लिहून ठेवतो.’ समोर एक पाकीट पडले होते, त्याच्या पाठीवर ठळक अक्षरांत निरोप लिहिला, ते त्यांच्या टेबलावर पेपरवेटखाली ठेवले आणि साहेबांनी बोलाविले म्हणून आत गेलो.

ते पाकीट कोरे नव्हते; टपालात टाकायचे होते. शिपाई आला, त्याने आपले काम केले. चार वाजता मी बाहेर आलो तो शेजारची खुर्ची रिकामी. मला वाटले, गृहस्थ गेले. मनातल्या मनात हळहळलो आणि कामाला लागलो. ते तळघरात जुन्या फाइली काढीत बसले होते. साडेसहाला हात झटकीत वर आले आणि मला म्हणाले, ‘काय, निघायचं ना?’

ते पोहोचले तेव्हा आई होती. पण बोलत नव्हती. पाच वाजेपर्यंत बोलत होती, असे मला मागाहून कळले. त्यानंतर आठ दिवसांनी ते कामावर आले, माझ्या शेजारी बसले, आणि त्या पाकिटाबद्दल त्यांनी मला एक अक्षरही विचारले नाही. त्यांनी विचारले असते तर बरे झाले असते.

या गोष्टीचा मी नंतर फार विचार केला. मला विसर पडला होता, असे म्हणावे तर तसेही नव्हते. उलट, निरोप ‘लिहिला’ हे मला पक्के आठवत होते, आणि घोटाळा तिथेच झाला होता. १९२७ साली ब्लूमा झायगार्निक नावाच्या बाईंनी असे मांडले होते, की पुरे झालेल्या कामापेक्षा अर्धवट राहिलेले काम माणसाच्या अधिक ध्यानात राहते. पुढच्या सगळ्याच प्रयोगांत ते तसे दिसले नाही. परंतु २०११ साली मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर या दोन मानसशास्त्रज्ञांनी दाखविले, की अपुरे काम मनाला टोचत राहते. आणि ते केव्हा, कसे करायचे एवढे नक्की केले, की काम न करताही ती टोचणी थांबते. हे वाचले तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. टिपण हा विसरण्याचा परवाना आहे! निरोप लिहिताक्षणी माझ्या मनाने तो खाली ठेवला. तो दुसऱ्या कुणी उचलला की नाही, हे पाहायला मन जागेवर राहिलेच नाही.

त्या दिवसापासून मी एकच वही वापरू लागलो. पण वही घरी राही, किंवा वही असे आणि पेन नसे. शेवटी गेल्या वर्षी माझा भाचा म्हणाला, ‘मामा, दिवसभर संगणकापुढे बसता आणि वह्या कसल्या बाळगता? टिपणांचं एखादं चांगलं सॉफ्टवेअर घ्या. मी दाखवतो तुम्हाला.’

आमच्या घराण्यात अशा कामाला ‘स्थळे पाहणे’ म्हणतात. लागोपाठ चार रविवार आम्ही मामा-भाचे स्थळे पाहत होतो. ही चहा-पोहे आणून देत होती, त्यामुळे कार्यक्रमाला शोभाही आली.

पहिले स्थळ एव्हरनोट. घराणे नामवंत, २००८ सालापासून लोकांत वावरणारे, निशाणी हत्तीची. हत्ती काही विसरत नाही, अशी पश्चिमेकडे समजूत आहे. मला मात्र महाभारत लिहून घेणारे आपले गजानन आठवले आणि मी मनातून होकार भरला. परंतु भाच्याने कुंडली मांडली. २०२२ च्या अखेरीस एका इटालियन कंपनीने हे घराणे विकत घेण्याचे जाहीर केले आणि डिसेंबर २०२३ मध्ये फुकट वापरणाऱ्यांना ५० टिपणांची आणि एकाच वहीची मर्यादा पडली. ५० टिपणे! माझी तेवढी सोमवार-मंगळवारातच होतात. कंपनीलाही पोट आहे, हे मला मान्य आहे. पण आपल्या आठवणी ज्याच्या कोठारात ठेवायच्या, त्याच्या भाड्याचा विचार आधीच करावा, एवढे मी त्यातून शिकलो.

दुसरे स्थळ वननोट. हे २००३ सालचे. याचे पान भिंतीसारखे ऐसपैस. हवे तिथे बोट ठेवावे आणि लिहावे. भाचा याचे गुण गात होता. मी मात्र घाबरलो. ‘हवे तिथे लिहिण्या’नेच ज्याचा घात केला, त्याला आणखी मोकळे रान कशाला?

तिसरे गूगल कीप, २०१३ चे. रंगीबेरंगी चिठ्ठ्यांचा फलक. कचेरीत ज्या पिवळ्या चिकट चिठ्ठ्या आपण संगणकाच्या कडेला लावतो, त्यांचीच ही नात म्हणायची. त्या चिठ्ठ्यांचा जन्म मोठा गमतीचा आहे. १९६८ साली अमेरिकेत थ्री-एम कंपनीतल्या स्पेन्सर सिल्व्हर यांच्या हातून असा एक डिंक झाला, की जो धड चिकटेना. त्याचे करायचे काय, ते कुणाला कळेना. १९७४ साली त्याच कंपनीतल्या आर्ट फ्राय यांना आपल्या प्रार्थनेच्या पुस्तकातल्या खुणा सारख्या गळून पडतात याचा वैताग आला आणि त्यांना तो डिंक आठवला. १९८० साली त्या चिठ्ठ्या अमेरिकाभर विकायला आल्या. कच्चेपणाचाही कधी गुण होतो तो असा!

चौथे ऑब्सिडियन, २०२० चे, भाच्याचे लाडके. यातली टिपणे साध्या मजकुराच्या फाइली होऊन आपल्याच यंत्रात राहतात. कंपनी उठून गेली तरी फाइली आपल्यापाशी. ही गोष्ट मला फार आवडली. शिवाय एका टिपणाचा धागा दुसऱ्याला जोडता येतो आणि सगळ्यांचा मिळून नकाशा दिसतो. भाच्याचा नकाशा पाहून मी थक्क झालो, आकाशगंगाच ती! ‘किती दिवस लागले रे?’ मी विचारले. ‘सात महिने,’ तो अभिमानाने म्हणाला. त्याच आठवड्यात त्याच्या घरची वीज गेली. बिल भरायचे राहून गेले होते. त्याचे टिपण आकाशगंगेत कुठेतरी होतेच.

मधेच एक अडचण निघाली, ती लिपीची. मला घाईत मराठीच सुचते. एका जुन्या यंत्रावर एका जुन्या प्रोग्रॅमात मी दिवसभराची टिपणे मराठीत लिहून साठविली आणि दुसऱ्या दिवशी उघडून पाहतो तो ओळीच्या ओळी प्रश्नचिन्हे! कारण साधे होते. साठविण्याच्या जुन्या पद्धतीच्या तक्त्यात आपल्या अक्षरांना जागाच नव्हती; जे अक्षर त्याला ठाऊक नाही, तिथे तो बापडा प्रश्नचिन्ह लिही. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला घर मिळाले आहे. फक्त साठविताना ते घर निवडले आहे ना, एवढे पाहावे लागते.

त्या प्रश्नचिन्हांकडे पाहताना मला आजोबांचे दप्तर आठवले. आजोबा कारकून होते आणि मोडी लिहीत. कागदभर आडवी रेघ आधी आखून घ्यायची आणि मग हात शक्य तितका न उचलता तिच्याखाली अक्षरांची लड सोडायची. ऱ्हस्व-दीर्घाची पंचाईत नाही. कचेरीत झरझर टिपण्यासाठी याहून चांगली सोय मराठी माणसाने दुसरी केली नसेल. ते दप्तर आमच्या माळ्यावर आहे. आज घरात ते एकालाही वाचता येत नाही. म्हणजे मोडीचा कागद काय किंवा माझी प्रश्नचिन्हे काय, लवकर लिहिणे हे अर्धेच काम. उरलेले अर्धे वाचणाऱ्याकडे असते.

शेवटी मी भाच्याला म्हटले, ‘आपण परीक्षा घेऊ.’ त्याने आतल्या खोलीतून फोन करायचा, भरभर एक निरोप सांगायचा आणि मी तो टिपायचा. कन्या घड्याळ लावून बसली. एका वहीने आधी परवलीचा शब्द विचारला. दुसरीने आपल्यात काय काय नवीन आहे ते सांगायला सुरुवात केली. तिसरीने टिपण कोणत्या कप्प्यात ठेवू, अशी पृच्छा केली. तेवढ्यात निरोप संपून भाच्याने फोन खाली ठेवलेला असे. त्यातच आमच्या कचेरीचा दंडक असा, की गिऱ्हाइकांची कोणतीही माहिती कचेरीच्या यंत्राबाहेर जाता कामा नये. तेव्हा दूरदेशीच्या कोठारात टिपणे ठेवणारी सगळी स्थळे तशीही बादच झाली.

मी कोणाला पसंत केले म्हणता? नोटपॅडला! १९८५ च्या पहिल्यावहिल्या विंडोजबरोबर आलेले, ना रंग ना नकाशा, असे हे स्थळ माझ्या यंत्रात इतकी वर्षे पाट मांडून बसले होते आणि मी गावभर हिंडत होतो. सकाळी एक फाइल उघडायची, ती संध्याकाळपर्यंत मिटायची नाही. निरोप आला की एफ-फाइव्हची कळ दाबायची. तारीख आणि वेळ आपोआप उमटते. तिच्यापुढे निरोप लिहायचा. जुने शोधायचे तर शोधाची सोय आहेच. भाच्याने कपाळाला हात लावला. पण स्थळ नाकारण्यासारखे त्यालाही काही सापडले नाही.

मात्र मी एक नियम घातला आहे आणि तो कोणत्याच सॉफ्टवेअरमध्ये नाही. दुसऱ्याच्या निरोपाला माझ्या फाइलीत दोन ओळी लागतात. पहिली, ऐकल्याची, दुसरी, सांगितल्याची. दुसरी ओळ पडेपर्यंत मी दुसऱ्या कामाला हात लावीत नाही.

शेजारचे गृहस्थ दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. त्यांच्या जागी हल्ली एक तरुण मुलगी बसते. गेल्या महिन्यात तिच्या बाळाच्या पाळणाघरातून कचेरीत फोन आला. बाळाला ताप भरला होता. मी कळ दाबली. ११.४० उमटले. निरोप लिहिला, उठलो आणि तिला शोधायला निघालो. ती तिसऱ्या मजल्यावर नव्हती, उपाहारगृहात नव्हती. तळघरात फाइली काढीत होती. तळघराच्या पायऱ्या उतरताना माझे पाय कापत होते, ते का, हे तिला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. ती धावत गेली. मी जागेवर येऊन दुसरी ओळ लिहिली: ‘सांगितले. ११.५२.’ मग बराच वेळ त्या ओळीकडे पाहत बसलो.

परवा ही म्हणाली, ‘दिवाळी आठ दिवसांवर आली. लाडवांना बेसन नाही घरात.’

सवयीने माझ्या तोंडून निघून गेले, ‘लिहून ठेवतो.’

‘लिहू नका,’ ही म्हणाली, ‘आणा!’

मी पिशवी घेतली आणि जिना उतरलो.